शेअर करा, पण नावासकट!

फेस्टचं पोस्टर हवंय? नेटवरून एखादं भारी चित्र उचललं, मागे गाणं लावलं आणि टाकलं स्टोरीला. चित्र कुणाचं, बीट कुणी बनवली, कुणाला पडलीय? पण आपलंच स्केच खालची सही कापून भलत्याच पेजवर दिसलं, की मात्र डोकं फिरतं.

मग काय, शेअरच करायचं नाही? तसं नाही. ब्लेंडरचंच बघा. हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद पडली. तेव्हा २००२ मध्ये ते वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला करून घेतला. त्याच फुकट सॉफ्टवेअरवर बनलेल्या लॅटव्हियाच्या ‘फ्लो’नं २०२५ मध्ये ऑस्कर पटकावलं. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्टही असाच खुला आहे.

पण खुलं म्हणजे बेवारस नव्हे. ओपन सोर्स कोडसोबत त्याचं लायसन्स असतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बहुतेक लायसन्समध्ये तर मूळ कलाकाराचं नाव देणं ही अटच असते. वाटून घेण्याचा हा सगळा खेळ विश्वासावर चालतो; तो तुटला, की लोक आपलं काम दाखवणंच बंद करतात.

तेव्हा दोस्तहो, गाणं, कोड, चित्र बिनधास्त शेअर करा. दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा किंवा लायसन्स बघा, आणि नाव टाकाच. स्वतःचं असेल तर ते कुणी कसं वापरावं, हे एका ओळीत लिहा. यंदाच्या फेस्टच्या पोस्टरपासूनच सुरुवात करूया?