विश्लेषण : काटेरी तारामासा एक नव्हे, पाच… नावाचा हा घोळ प्रवाळांसाठी महत्त्वाचा का?

प्रवाळांवर जगणारा काटेरी तारामासा ही हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली एकच प्रजाती आहे, असे संशोधक अनेक दशके मानत होते. डीएनए तपासणी आणि जुन्या नोंदींच्या फेरवाचनानंतर आता प्रवाळ खाणाऱ्या पाच प्रजाती मानल्या जातात. त्यातील सर्वांत जुन्या नावाचा धागा गोव्यापर्यंत येतो. ही ओळख कशी पटवली जाते आणि ती चुकल्यास काय बिघडते, याविषयी…

हा प्राणी कोणता?

तारामासा हा नावापुरताच मासा. प्रत्यक्षात तो समुद्री साळिंदर आणि समुद्री काकडी यांच्याबरोबर कंटकचर्मी संघात मोडतो. आपल्या पुस्तकांतील चित्रात त्याला पाच भुजा असतात. काटेरी तारामाशाला मात्र दहा-अकरापासून वीसहूनही अधिक भुजा असू शकतात. पाठीवर लांब, टोकदार, विषारी काटे असतात. म्हणून इंग्रजीत त्याला ‘काट्यांचा मुकुट’ म्हणतात. शास्त्रीय नाव अ‍ॅकॅन्थास्टर, म्हणजे काटेरी तारा. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ताटाएवढा असतो, काही त्याहून बरेच मोठे होतात.

तो घातक का ठरतो?

हा प्राणी प्रवाळावर चढतो, जठर तोंडावाटे बाहेर काढतो आणि प्रवाळाचा जिवंत थर जागेवरच पचवतो. मागे उरतो पांढरा सांगाडा. संख्या कमी असेल तर हे निसर्गक्रमाला धरूनच आहे. वेगाने वाढणारे प्रवाळ खाल्ले गेल्याने इतरांना जागा मिळते. पण एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते. त्यातील थोडी जरी जास्त जगली तरी उद्रेक होतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९६०च्या दशकापासून असे उद्रेक पुन्हा पुन्हा नोंदले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९८५ ते २०१२ या २७ वर्षांत २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आले. या हानीतील ४८ टक्के वाटा वादळांचा, ४२ टक्के काटेरी तारामाशांचा आणि १० टक्के प्रवाळ पांढरे पडण्याचा होता.

एकाच्या पाच प्रजाती कशा झाल्या?

२००८ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या समुद्रांतील नमुन्यांचा ‘सीओआय’ नावाचा जनुकीय तुकडा तपासला. प्राण्यांच्या ओळखीसाठी तो वस्तूवरील बारकोडसारखा वापरला जातो. एकाच भागातील नमुन्यांत फरक अगदी किरकोळ होता. पण उत्तर हिंदी महासागर, दक्षिण हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि पॅसिफिक या चार गटांत परस्परांमधील फरक सुमारे नऊ ते साडेदहा टक्के निघाला. म्हणजे हे गट लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. पुढे तांबड्या समुद्रातील गटाला २०२२ मध्ये अ‍ॅकॅन्थास्टर बेंझीआय हे नवे नाव मिळाले. दक्षिण हिंदी महासागरातील प्रजातीला मॉरिशसवरून मॉरिशिएन्सिस हे १८८५चे नाव लागू झाले. पॅसिफिकच्या पूर्व भागातील गटही आता वेगळा धरला जातो. २०२४च्या आढाव्यात अशा पाच प्रजातींची मांडणी झाली. त्यातील पॅसिफिकच्या दोन नावांपुढे संशोधक अजूनही ‘ताडून पाहा’ अशा अर्थाची खूण लावतात. प्राणी वेगळा आहे याबद्दल वाद नाही. जुने नाव नेमके त्याचेच का, याची खात्री बाकी आहे.

गोव्याचा संबंध काय?

प्राण्यांच्या अधिकृत नावांची सुरुवात स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८च्या ग्रंथापासून मानली जाते. त्यात या प्राण्याला ‘प्लँसी’ हे नाव आहे. ते इटालियन वैद्य जोव्हान्नी बियांकी यांच्या ‘प्लँकस’ या टोपणनावावरून आले. १७४३ मध्ये प्लँकस आणि ग्वाल्तिएरी यांनी गोव्याहून आलेल्या एका नमुन्याचे चित्रासह वर्णन केले होते. त्याच आधारावर लिनियसने नाव दिले. त्यामुळे एक प्रजाती फुटून अनेक झाल्या, तेव्हा ‘प्लँसी’ हे मूळ नाव कोणाकडे राहणार, याचे उत्तर गोव्याच्या उल्लेखात सापडले. ते उत्तर हिंदी महासागरातील प्रजातीकडे राहिले.

अडचण अशी, की तो मूळ नमुना आज अस्तित्वात नाही. शिवाय गोवा तेव्हा पोर्तुगीजांचे मोठे बंदर. प्राणी तिथल्याच पाण्यात सापडला की आणखी कुठून येऊन तिथून जहाजावर चढला, हा प्रश्न उरतो. मूळ नमुना हरवला असेल तर त्याच भागातील नवा नमुना त्याच्या जागी निश्चित करण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठी भारताच्या पाण्यातील नीट जतन केलेले नमुने मोलाचे ठरतात.

नमुन्यावरून ओळख कशी पटवतात?

पहिली पायरी डोळ्यांची. भुजांची संख्या, मधल्या तबकडीचा व्यास आणि भुजांची लांबी यांचे गुणोत्तर, काट्यांची लांबी-जाडी, पाठीवरील चिमट्यासारखे सूक्ष्म अवयव, खालच्या बाजूच्या खोबणीतील नलिकापाद आणि त्याभोवतीचे काटे पाहिले जातात. त्वचेखालील चुनखडीची सूक्ष्म हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जातात. बेंझीआय या प्रजातीत भुजा तुलनेने कमी आणि काटे बारीक असतात, हे अशाच मोजमापातून दिसले.

पण रंग फसवतो. एकाच ठिकाणचे दोन प्राणी वेगळ्या रंगांचे असू शकतात, आणि जतन केल्यावर रंग उडतोच. भुजा तुटून पुन्हा उगवतात. वयानुसार आकार बदलतो. म्हणून दुसरी पायरी डीएनएची. नलिकापादाचा छोटा तुकडाही त्यासाठी पुरतो. मात्र तो थेट तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. फॉर्मालिनमध्ये आकार टिकतो, डीएनएची मोडतोड होते. संग्रहालयांतील अनेक जुने नमुने यामुळेच अर्धी माहिती देतात. तिसरी पायरी सर्वांत साधी, तरी सर्वाधिक दुर्लक्षित, ती म्हणजे चिठ्ठी. ठिकाण, खोली, तारीख नसेल तर उत्तम नमुनाही निरुपयोगी ठरतो. गोव्याच्या त्या नमुन्याचे नाव टिकले ते एका ठिकाणाच्या नोंदीमुळे.

नाव बदलल्याने काय फरक पडतो?

या प्राण्यावरील बहुतांश संशोधन पॅसिफिकमधील प्रजातीवर झाले आहे. तो कधी अंडी सोडतो, अळ्या किती दिवस तरंगतात, कोणते प्रवाळ आधी खातो, ही माहिती एकच प्रजाती समजून सगळीकडे लागू केली गेली. ती तशी लागू होईलच असे नाही. तांबड्या समुद्रातील प्रजाती दिवसा दडून बसते आणि रात्री बाहेर पडते. तिथे दिवसा केलेली मोजणी कमीच भरणार.

नियंत्रणाचेही तसेच. ग्रेट बॅरियर रीफवर पाणबुडे एकेका प्राण्याला पित्तक्षार किंवा व्हिनेगरचे इंजेक्शन देऊन मारतात. हे काम खर्चीक आहे, त्यामुळे कुठे आणि कधी उतरायचे हे आधी कळावे लागते. समुद्राच्या पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून अळ्यांचा माग काढण्याची पद्धतही विकसित झाली आहे. तिलाही आपण कोणत्या प्रजातीचा डीएनए शोधत आहोत हे ठाऊक हवे.

भारतासमोर काय?

काटेरी तारामाशाची नोंद अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्याचे मोठे तडाखे सोसले आहेत. सावरणाऱ्या भित्तीला भक्षकाचा छोटा उद्रेकही जड जाऊ शकतो. ‘प्लँसी’ हे नाव ज्या प्रजातीकडे राहिले ती आपल्या समुद्रातली, पण तिच्या सवयींविषयीची माहिती पॅसिफिकच्या नातलगाच्या तुलनेत तोकडी आहे. तिचे वेळापत्रक ऑस्ट्रेलियाच्या पुस्तकातून उचलता येणार नाही.

इथे मच्छीमार, पाणबुडे आणि पर्यटक यांची मदत होऊ शकते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीला दिसणारे किंवा जाळ्यात येणारे तारामासे बहुधा वाळूत राहणारे, पाच भुजांचे असतात. नोंदीची पद्धत त्यांच्यासाठीही तीच. प्राणी न उचलता वरून फोटो, शेजारी मापासाठी नाणे, भुजा मोजता येतील अशी चौकट, सोबत ठिकाण आणि वेळ. काटेरी तारामाशाला तर हात लावूच नये, काटा रुतल्यास तीव्र वेदना आणि सूज येते. चांगल्या फोटोवरूनही प्रजाती ठरेलच असे नाही. पण तज्ज्ञांनी नमुना कुठे शोधावा, हे त्यावरून कळते. त्यानंतरची मोजणी असो वा नियंत्रण, सुरुवात तिथूनच होते.