नकाशावरील नोंद व शेतकऱ्याची विक्री

जमिनीची वहिवाट कितीही जुनी असली, तरी दप्तरीं नोंद नसेल तर ती शाबीत करतांना धन्याची किती ओढाताण होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. हल्लीं विक्रीच्या बाबतींतही तसाच प्रकार झाला आहे. आपल्या वस्तीवर गूळ, रोपें, आंबे किंवा मध विकणारे पुष्कळ बंधु माल उत्तम तयार करितात. परंतु रस्त्यानें जाणारा परगांवचा मनुष्य मोबाइलवर 'जवळ गूळ कोठें मिळेल' असें शोधतो, तेव्हां गूगलच्या नकाशावर त्यांचें नांव निघत नाहीं. निघतें तें नाक्यावरील दुकानदाराचें. आणि तोच माल शेतकऱ्याकडून ठोक भावानें नेऊन तो वाढीव दरानें विकतो.

'चांगल्या मालाचा बोभाटा कशास? गिऱ्हाईक आपण होऊन येतें,' असें जाणतीं माणसें म्हणतात. गिऱ्हाईक पंचक्रोशींतलें होतें तोंवर हें खरें होतें. आज येणारा मनुष्य गांवांत कोणास ओळखत नाहीं. तो नकाशास विचारतो.

ही नोंद करण्यास पैसे पडत नाहींत. गूगलनें ही सोय २०१४ सालीं सुरू केली. २०२१ पासून तिला 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. यादींत कोणास वर घ्यावयाचें हें मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरतें: गिऱ्हाइकाच्या मागणीशीं धंद्याचा मेळ, त्याच्यापासूनचें अंतर, आणि धंद्याचा लौकिक. अंतर आपल्या हातीं नाहीं. बाकीच्या दोन गोष्टी बऱ्याच अंशीं आहेत.

म्हणून धंद्याचा प्रकार अचूक निवडावा. नांव फलकावर असेल तेंच द्यावें. त्यास 'उत्तम', 'स्वस्त' अशीं शेपटें जोडणें नियमाविरुद्ध असून त्यापायीं नोंद स्थगित होऊं शकते. खेड्यांत पत्ता मोघम असतो, म्हणून नकाशावरील खूण गांवच्या चावडीवर न ठेवतां आपल्या फाटकावर ठेवावी. गुऱ्हाळ हंगामापुरतें चालतें. हंगाम संपतांच 'तात्पुरतें बंद' असें नोंदवावें. चार कोस येऊन बंद दारावरून परतलेला मनुष्य पुन्हां येत नाहीं, व जातांना वाईट अभिप्राय लिहून जातो.

अभिप्राय खऱ्या गिऱ्हाइकांकडूनच घ्यावे. भाच्यापुतण्यांकडून खोटी स्तुति लिहविणें किंवा अभिप्रायाच्या मोबदल्यांत सूट देणें हें नियमबाह्य आहे. भारतीय मानक ब्यूरोनेंही २०२२ सालीं अशा अभिप्रायांसाठीं मानक प्रसिद्ध केलें आहे. तक्रार आल्यास शांतपणें उत्तर द्यावें. पुढचा गिऱ्हाईक तें उत्तरही वाचतो.

आतां मुख्य इशारा. 'पैसे भरा, पहिला क्रमांक मिळवून देतों' असें सांगणाऱ्यांचे फोन गांवोगांव येतात. या यादींतील स्थान पैशानें वाढत नाहीं. जाहिरात निराळी असते व तिच्यावर तसा उल्लेख असतो. याहून मोठा धोका असा, कीं हे मध्यस्थ नोंद स्वतःच्या खात्यावर करून घेतात. मग दूरध्वनि क्रमांक बदलावयाचा झाला तरी त्यांचे पाय धरावे लागतात. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. कसणारा एक आणि उताऱ्यावर नांव दुसऱ्याचें, यांतून घरें कशीं बुडतात हें आम्हीं पाहिलें आहे. मुलानें किंवा सुनेनें नोंद केली तरी हरकत नाहीं. पण ती घरच्या खात्यावर असावी, आणि परवलीचा शब्द घरच्या कर्त्या माणसास ठाऊक असावा.

पडताळणीसाठीं पुष्कळदां जागेचें व फलकाचें चित्रीकरण मागतात, म्हणून फलक आधीं लावावा. आपल्या संघानें पावसाळ्यांतील एक दिवस ठरवून, जाणत्या तरुणांकरवीं सभासदांच्या नोंदी त्यांच्याच खात्यांवर करून द्याव्या, अशी आमची चालकांस आग्रहाची सूचना आहे. पुढील हंगामाचा गूळ कढईंत पडण्यापूर्वीं हें काम उरकावें.