पाठीपेक्षा लांब सॅक

मागच्या महिन्यात दवाखान्यात एक पंचविशीतली मुलगी आली. उंची 4 फूट 7 इंच, वजन 42 किलो. कोलवड्याहून तारापूर औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला रोज सायकलने जाते. मान आखडते आणि उजव्या हाताला मुंग्या येतात, ही तक्रार. गोळ्या झाल्या होत्या, मानेचा पट्टाही झाला होता. मीही तपासून एक्स-रे लिहून दिला. ती बाहेर जाऊन सायकलवर बसली आणि खिडकीतून मला खरा रोग दिसला. तो तिच्या पाठीवर होता.

सॅक तिच्या पाठीपेक्षा लांब होती. सॅकचा तळ सायकलच्या कॅरिअरवर टेकत होता, त्यामुळे वरची कड उचलली जाऊन डोक्याच्या मागच्या भागाला लागत होती. डोके पुढे काढून बसण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. पट्टे खांद्यावरून घसरत, ते सावरायला उजवा खांदा सतत वर. मी तिला परत बोलावले आणि विचारले, "मागून गाडी आली तर बघतेस कशी?"

"बघता येत नाही डॉक्टर. सॅक आडवी येते. टँकर आला की आवाजावरून कळतं."

बोईसर ते तारापूर रस्त्यावरची अवजड वाहतूक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाक्य ऐकून काय वाटेल ते मी सांगायला नको. मानदुखी बरी होते. मागचे वाहन न दिसण्याला औषध नाही.

उंची कमी असलेल्या माणसाने सॅक घेताना आपली उंची नव्हे, पाठ मोजावी. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड ठळक हाताला लागते. तिथून खाली, कमरेवर हात ठेवल्यावर दोन्ही अंगठे मागे ज्या रेषेत येतात तिथपर्यंत, शिंप्याचा टेप धरावा. मोजायला दुसरे माणूस हवे, स्वतःचे स्वतःला जमत नाही. या मुलीची पाठ भरली साडेचौदा इंच. सॅक होती 19 इंच! सायकलवर वापरायची सॅक या मापापेक्षा लांब असता कामा नये, थोडी आखूडच बरी. दुकानात नुसती आरशासमोर उभी राहून घेऊ नये. आत चार-पाच पुस्तके घालून, शक्य तर आपल्याच सायकलवर बसून पाहावी. तळ सीटला किंवा कॅरिअरला लागतो का, आणि मान वळवून मागे नीट दिसते का, एवढे दोन प्रश्न पुरेत.

खांद्यांची रुंदीही पाहावी लागते. अरुंद खांद्याच्या माणसाला मोठ्यांच्या सॅकचे पट्टे फार लांब लांब पडतात आणि दंडाकडे सरकतात. हाताकडे जाणाऱ्या शिरा, म्हणजे मज्जातंतू, गळपट्टीच्या हाडाखालून काखेत उतरतात. त्यांच्यावर पट्ट्याचा दाब रोज पडला की हात बधिर होतो, मुंग्या येतात. दोन्ही पट्टे छातीवर जोडणारी आडवी पट्टी असली तर हे बरेचसे टळते. नसेल तर बॅग दुरुस्त करणारा कारागीर क्लिपसकट शिवून देतो. पट्ट्यांची लोंबती टोके मात्र दुमडून रबराने बांधावीत. चाकात अडकली तर सायकलसह माणूस खाली येतो.

आता लाजेचा भाग. कमी उंचीच्या मोठ्या माणसाला नीट बसणारी सॅक बहुतेक वेळा पाचवी-सहावीच्या मुलांच्या दप्तरांत सापडते. ती सुचवली की चेहरा पडतो. या मुलीचाही पडला. "लोक हसतील." मी म्हटले, अगं, चपलेचा नंबर लहान घेताना लाजतेस का? तिला अखेर चित्रे नसलेली, साधी निळी सॅक मिळाली.

आणि ओझे? शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने 2015 साली ठरवले. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही तेच प्रमाण आहे. नियम मुलांसाठी असला तरी 42 किलोच्या बाईने तोच मानायला हरकत नाही. म्हणजे 4 किलोच्या आसपास. लिटरभर पाणी म्हणजेच एक किलो, वर स्टीलचा डबा, पावसाळ्यात रेनकोट. माझे मत विचाराल तर डबा आणि पाण्याची बाटली पाठीवर न्यावीच कशाला? कॅरिअरला दोरीने बांधावी किंवा पुढे टोपली लावून घ्यावी. पाठीवर फक्त पाकीट, मोबाईल आणि कपडे.

तीन आठवड्यांत तिच्या मुंग्या गेल्या. मान अजून कधीकधी धरते, कारण सायकलही तिला मोठीच आहे. पण तो विषय वेगळा. मुंग्यांबरोबर हातातली वस्तू गळून पडू लागली, पकड ढिली झाली, तर मात्र सॅक बदलून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

ती 19 इंची सॅक तिने विकत घेतलेलीच नव्हती. कामावर दिवाळीची भेट म्हणून सगळ्यांना एकाच मापाची वाटली होती. सहा फुटी ऑपरेटरलाही तीच आणि हिलाही तीच. सेफ्टी शूज देताना प्रत्येकाचा नंबर विचारतात. यंदा भेटीच्या सॅकची ऑर्डर देणाऱ्या साहेबांनी लहान आणि मोठी अशी दोन मापे मागवली, तर खर्च फारसा वाढेल असे मला वाटत नाही.