टक्का नव्हे, वही सांभाळा

थिसिस जमा करायची वेळ आली की विभागात एकच प्रश्न ऐकू येतो : "टक्का किती आला?" दहाच्या आत असला की जीव भांड्यात पडतो. बारा-तेरा आला की रात्र जागवून शब्द बदलायचे, 'परिणाम'चा 'प्रभाव' करायचा, वाक्य फिरवायचं आणि दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला पुन्हा लावायचं. पीएच.डी. करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा टक्का म्हणजे तुमच्या प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम तुम्हाला पाठ असतील : १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ४०पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६०पर्यंत वर्षभर थांबायचं, त्यापुढे नोंदणी रद्द. नियम हवेतच. पण सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवून बघतं. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला आणि त्याचं नाव गाळलं, तर टक्का शून्य येईल. चोरी मात्र झालेलीच असेल. न घेतलेलं रीडिंग किंवा घरी बसून भरलेली प्रश्नावली तर त्याला सापडणारच नाही, कारण ती आधी कुठे छापलेलीच नसते.

असे आकडे कसे उघडे पडतात, त्याचं एक उदाहरण बघा. यान हेंड्रिक श्योन हा जर्मन तरुण अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये काम करायचा. 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये त्याचे पेपर एकामागून एक येत होते. मग वेगवेगळ्या तापमानांना केलेल्या दोन प्रयोगांच्या आलेखांत अगदी सारखीच बारीक थरथर असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. ही थरथर योगायोगाने होते, ती दोनदा तंतोतंत तशीच येऊच शकत नाही. २००२मध्ये चौकशी समितीने प्रयोगवही मागितली, तर ती नव्हतीच. मूळ डेटाही त्याने पुसून टाकला होता. संगणकात जागा नव्हती, असं त्याचं म्हणणं. नोकरी गेली, आणि २००४मध्ये कोन्स्टान्झ विद्यापीठाने पीएच.डी.ही काढून घेतली.

म्हणून वहीकडे लक्ष द्या. पानांना क्रमांक घाला. तारीख टाका, शाईच्या पेनाने किंवा बॉलपेनने लिहा, पेन्सिलीने नको. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडू नका, पान फाडू नका. रीडिंग वगळावंसं वाटलं तर का वगळलं, ते तिथल्या तिथे लिहा. मुलाखती घेत असाल तर गाव, तारीख आणि माणसाने दिलेली संमती नोंदवा, आणि त्याचं नाव जपून ठेवा. मूळ फाइलला कधीही हात लावू नका, कामासाठी तिची प्रत घ्या.

पैसे भरले की आठवड्यात पेपर छापून देतो, असे मेसेज येतील. ते सरळ पुसून टाका. थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही अट आयोगाने २०२२च्या नियमांत काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का, तेवढं विचारून घ्या. आणि ज्याने कामाला हात लावला नाही, त्याचं नाव पेपरवर घालू नका. वरिष्ठांना हे सांगणं अवघड आहे, म्हणून कुणाचं नाव येणार ते काम सुरू होतानाच ठरवून घ्या.

गाइड मंडळींनाही एक विनंती. महिन्यातून एकदा विद्यार्थ्याची वही मागा आणि त्याच्याशेजारी बसून वाचा. निकाल मनासारखा आला नाही म्हणून त्याला बोल लावू नका. खोटे आकडे पुष्कळदा त्या धाकापोटीच लिहिले जातात.