ठराव झाला, पाणी कुठे आहे?



कापसाचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो. गाडी भरून बाजारात गेलो की कळते, खरेदी केंद्र उघडलेलेच नाही आणि व्यापारी त्या भावाचे नाव काढत नाही. कागदावरचा भाव आणि पदरात पडणारा भाव यांतला फरक कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पिण्याच्या पाण्याचेही तेच आहे. म्हणून रायगड जिल्ह्यातल्या महाडची हकिगत आज पुन्हा सांगतो.

ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाच्या आणि सरकारी देखरेखीच्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या! 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पक्का झाला. पण तीन वर्षे अस्पृश्याची घागर काही त्या तळ्यात बुडाली नाही. इतर धर्मांचे लोक तिथे पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत. बंदी फक्त या माणसांना.

19 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रायगडचे तेव्हाचे नाव कुलाबा. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले होते, म्हणून हजारो माणसे आली. या माणसांना प्यायला पाणी 40 रुपये मोजून सवर्णांकडून घ्यावे लागले. गावात तळे भरलेले, आणि पाणी विकत!

20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे आणि सारी परिषद मागे, अशी शिस्तीत मिरवणूक तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. आता हे देवळात शिरणार, अशी आवई उठवून परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची तयारी झाली, तर कोर्टाची मनाई आली. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

आता स्वयंसेवकांकडे बघा. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे ही सवर्णांतली माणसे या लढ्यात होती. बैलगाडीवर पिंपे लादून वस्तीत पाणी पोहोचवणे त्यांना सोपे होते. पुण्य मिळाले असते, जातभाईंचा राग चुकला असता. तळे मात्र बंदच राहिले असते. त्यांनी पाणी वाटले नाही. ज्यांचा हक्क होता त्यांच्याबरोबर ते उभे राहिले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. त्याच रायगडात पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नळाने नवी मुंबईच्या नव्या वसाहतींना गेले. आणि त्याच तालुक्यातल्या वाशी, शिर्की भागातल्या खारेपाटाने, जिथे जमिनीत खाऱ्या पाण्याशिवाय काही लागत नाही, उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहिली. धरण शेजारी असून भागत नाही. वाटा कुणाच्या नावावर लिहिला ते बघावे लागते.

आपल्याकडे एप्रिल लागला की टँकर येतात, त्यावर फलक येतो, फोटो निघतात. टँकरला माझा विरोध नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. तहानलेल्याला आज पाणी दिलेच पाहिजे. माझा प्रश्न पुढचा आहे. टँकर गेल्यावर वस्तीच्या हातात काय उरले? पुढच्या एप्रिलात पुन्हा तीच रांग असेल, तर आपण फक्त तहान पुढे ढकलली.

कुणी म्हणेल, आपली चळवळ भावाची, हा विषय कशाला? भावांनो, शेती शाळेत मी पिकाला किती पाणी लागते ते शिकलो. गावात फिरल्यावर कळले की नळाची शेवटची तोटी बहुतेक वेळा बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत, पारधी बेड्यावर असते, आणि तिथे पोहोचेपर्यंत दाब संपतो. व्हॉल्व्ह उघडणारा हात आपल्यातलाच असतो. सरकारकडे आपण हक्काचे दाम मागायचे आणि गावात दुसऱ्याच्या हक्काचे पाणी अडवायचे, हे कोणत्या तोंडाने?

2019 पासून जलजीवन मिशनने दर माणशी रोज 55 लिटरचा आकडा ठरवला आहे. तोही एक ठरावच आहे. तो महाडच्या ठरावासारखा पडून राहू नये, म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत. एक, गावाच्या शेवटच्या तोटीवर जाऊन हंडा किती वेळात भरतो ते मोजा. दोन, पाणी सोडण्याची पाळी ग्रामसभेत लिहून घ्या आणि शेवटच्या वस्तीपासून सुरू करा. तीन, ग्रामपंचायतीच्या पाणी समितीत त्या वस्तीतली बाई बसलीच पाहिजे, आणि ती बोलेल तेव्हा आपण गप्प बसून ऐकलेच पाहिजे.

मोजलेला आकडा बैठकीला घेऊन या. नुसते भाषण आणू नका.