बंदी मागणारे हात आपलेच

सेन्सॉर म्हटलं की आपल्याला गोरा साहेब आठवतो, नाहीतर दिल्लीतलं सरकार. दोष द्यायला दोघेही सोयीचे. पण लखनौचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला, तर छापखान्यावर आणि टपालावर पहारा बसवणाऱ्यांत तिसरंच कोणी दिसतं. ते म्हणजे तुमच्याआमच्यासारखे शिकलेले, देवधर्म पाळणारे, अब्रूदार लोक. बंदीचा हुकूम सरकार काढतं, पण त्यासाठी अर्ज घेऊन सरकारच्या दारात आपणच उभे असतो.

१९३२ च्या डिसेंबरात लखनौच्या निझामी प्रेसमधून ‘अंगारे’ हे छोटंसं उर्दू पुस्तक निघालं. सज्जाद झहीर, अहमद अली, रशीद जहाँ आणि महमूदुज्जफर हे चार तरुण त्याचे लेखक. त्यातली रशीद जहाँ यांची ‘दिल्ली की सैर’ ही कथा जेमतेम दोन-तीन पानांची. फरीदाबादची एक बाई नवऱ्याबरोबर आगगाडीने दिल्ली बघायला येते. स्टेशनवर नवऱ्याला ओळखीचा स्टेशनमास्तर भेटतो. तिला सामानापाशी बसवून स्वारी निघून जाते. बुरख्यातली ती बाई सामानावर बसून राहते आणि येणारेजाणारे पुरुष तिच्याकडे टक लावून बघतात. नवरा पोटभर जेवून परततो आणि तुला भूक लागली असेल तर काही आणू का, असं विचारतो. मला घरी न्या, एवढंच ती म्हणते. दिल्ली तिला दिसतच नाही. रशीद जहाँ पेशाने डॉक्टर होत्या. याच पुस्तकातल्या ‘पर्दे के पीछे’ या नाटिकेत त्यांनी एकामागून एक बाळंतपणांनी खंगलेल्या बाईचं दुखणं तिच्याच तोंडून वदवलं आहे.

समाजाला लाज वाटायला हवी होती ती त्या नवऱ्याची. वाटली ती लेखिकेची. पुस्तकातल्या काही कथांत धर्मगुरूंची आणि श्रद्धांची टर उडवली होती, भाषाही मुद्दाम डिवचणारी होती, हे मान्य. त्याला टीकेने उत्तर देता आलं असतं. पण उर्दू वर्तमानपत्रांनीच ओरड केली, सभांत निषेधाचे ठराव झाले, खटल्यासाठी वर्गण्या गोळा झाल्या. रशीद जहाँना ‘अंगारेवाली’ म्हणून हिणवलं गेलं, इजा करण्याच्या धमक्याही आल्या. अखेर १५ मार्च १९३३ रोजी संयुक्त प्रांताच्या सरकारने दंडसंहितेच्या कलम २९५-अ चा आधार घेऊन पुस्तक जप्त केलं. प्रती नष्ट झाल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तेवढ्या उरल्या. या पुस्तकाने इंग्रजांचं राज्य बुडणार नव्हतं. हादरला होता तो आपला घरचा कारभार, आणि तो वाचवायला आपण साहेबाला साकडं घातलं. चौघांनी मात्र माफी मागितली नाही.

हे वाचून मराठी वाचकाने ‘त्या लोकांचं असंच असतं’ म्हणत मान डोलावू नये. १८८३ साली जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त आले आणि पुढचे छापायला पत्र कचरलं. ‘दीनबंधू’ काही सरकारचं नव्हतं, ते फुल्यांच्याच चळवळीचं होतं. पुण्यात आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागली. ती काढणारे लाटसाहेबाचे शिपाई नव्हते, पेठांमधले लोक होते. आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात शिरून पोथ्यापुस्तकांची नासधूस करणारा जमावही आपल्यातलाच होता. हा राग होता जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचा. पाठोपाठ सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. ती २०१० साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. नासधूस झालेली पानं कोणत्या न्यायालयाने परत आणायची?

छापलेल्या शब्दाची ही गत, तर पाकिटातल्या शब्दाची काय कथा! लखनौच्या हजरतगंजात आज जिथे जनरल पोस्ट ऑफिस आहे, तिथे पूर्वी रिंग थिएटर होतं. काकोरीच्या रेल्वेलुटीचा खटला तिथे चालला. त्यातले क्रांतिकारक रामप्रसाद बिस्मिल यांची पत्रं शाहजहानपूरला एका शाळकरी मुलाच्या पत्त्यावर येत. पोलिसांनी ती वाटेतच उघडून नकलून घेतली आणि तोच पुरावा झाला. ६ एप्रिल १९२७ च्या निकालात दहा वर्षांची शिक्षा झालेल्यांत एक मराठी माणूस होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्री. पुढे ते लखनौचेच झाले. ज्या इमारतीत दुसऱ्याची पत्रं वाचून माणसांना फासावर पाठवलं, तिथेच आज आपण भरवशाने टपाल टाकतो. इंग्रजांच्या टपालखात्यात आणि पोलिसांत हाताखाली राबणारे बहुतेक आपलेच होते. ‘हुकूम आहे’ हे दोन शब्द त्यांना पुरले.

ही सवय स्वराज्यातही सुटली नाही. लखनौहून १९३८ साली जवाहरलाल नेहरूंनी ‘नॅशनल हेरल्ड’ सुरू केलं. स्वातंत्र्य धोक्यात आहे, सर्वशक्तीनिशी त्याचं रक्षण करा, हे त्याचं ब्रीदवाक्य. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने आपल्या देशात भित्तिपत्रकांवर छापलेली ही घोषणा. लखनौच्या पत्राने ती त्याच सरकारच्या तोंडावर फेकली. संपादक के. रामराव तुरुंगात गेले आणि १९४२ ते १९४५ पत्र बंद राहिलं, पण ब्रीद पुसलं गेलं नाही. ते पुसलं गेलं १९७५ च्या आणीबाणीत, आणि पुसणारे हात घरचेच होते.

सगळीकडे असंच होतं का? एप्रिल १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियात युद्धकाळातल्या सेन्सॉरशी सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’चा खटका उडाला आणि त्याचे अंक जप्त झाले. तेव्हा एरवी एकमेकांचे वाचक पळवणारी शहरातली इतर पत्रं त्याच्या बाजूने उभी राहिली. त्यांचेही अंक जप्त झाले, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. लखनौत ‘अंगारे’च्या वेळी वर्तमानपत्रांनी काय केलं ते वर आलंच आहे.

आता आजचं. १८९८ च्या टपाल कायद्याने साहेबाने पत्रं अडवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला होता. १९८६ साली तो आणखी व्यापक करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. देशात गहजब झाला, राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि पुढे ते विधेयक मागे घ्यावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये, विरोधी बाकांवरचे अनेक खासदार निलंबित असताना, नवा टपाल कायदा मंजूर झाला. राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कोणतीही टपालवस्तू अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार त्याच्या नवव्या कलमात आहे. त्या अधिकारावर नजर ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा मात्र त्या कायद्यात नाही. जून २०२४ पासून तो लागू आहे. किती चौकांत त्यावर सभा झाली? किती वाचकांनी संपादकाला पत्र लिहिलं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’ बाबा रे, शाहजहानपूरच्या त्या मुलाच्या घरच्यांनाही तसंच वाटलं असेल. स्वातंत्र्य हे लपवण्यासारखं काही असणाऱ्यांसाठी नसतं. ते सांगण्यासारखं काही असणाऱ्यांसाठी असतं. ज्या समाजाकडे सांगण्यासारखंच काही उरलेलं नाही, त्याला पाकीट फुटलं काय आणि पुस्तक जळलं काय, सारखंच.

आणखी एक दुखणं आहे. सरकारने बंदी घातली की आपण लोकशाहीच्या नावाने गळा काढतो. आपल्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा विषय आला की मात्र तोच गळा ‘बंदी घाला’ म्हणून फुटतो. भावना दुखावल्याची तक्रार ही आज सेन्सॉरची सर्वांत स्वस्त परवानगी झाली आहे. १९२७ साली आलेलं कलम २९५-अ नव्या न्यायसंहितेत २९९ व्या क्रमांकाने तसंच पुढे आलं. ते रद्द करा म्हणून एकही मोठा मोर्चा निघत नाही, कारण कधीतरी आपल्यालाही ते लागेल, अशी प्रत्येक गटाला आशा आहे.

तेव्हा सुरुवात घरापासून करा. न आवडलेल्या पुस्तकाला लेखाने उत्तर द्या, अर्जाने नको. आपल्या जातीच्या संघटनेने बंदीचा ठराव मांडला, तर त्याच सभेत उभं राहून विरोध नोंदवा. शेजारच्या गटाचं पुस्तक जप्त झालं, तरी आवाज उठवा. आणि आपल्या खासदाराला नवव्या कलमाबद्दल एक पत्र लिहा. ते वाटेत कोणी उघडून वाचलं तरी चालेल, निदान कोणाला तरी कळेल की या देशात अजून माणसं विचारतात.