अजामिळाच्या कथेचा उत्तरार्ध

अजामिळाचे आख्यान आमच्या बहुतेक वाचकांनी कीर्तनात ऐकलेले असेल. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण एका दासीच्या नादी लागून आचार, मातापिता व धर्मपत्नी यांस अंतरला. चोरी व कपट यांवर त्याने संसार चालविला. आणि ८८ वर्षांचा होऊन मरणोन्मुख झाला असता, समोर तीन यमदूत पाहून भयाने त्याने आपल्या धाकट्या मुलास, नारायणास, हाक मारली. ती ऐकून विष्णुदूत धावले व तो पाशांतून सुटला. आख्यान बहुधा येथेच आटोपते व श्रोते आरतीस उभे राहतात. परंतु श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधात यापुढे जे आहे, ते आमच्या घराघरांतून अधिक उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

विष्णुदूतांनी नुसते बळ दाखविले नाही. धर्माचे लक्षण काय व दंडास पात्र कोण, असे त्यांनी यमदूतांस विचारले. मोठ्या पातकास मोठे व लहानास लहान प्रायश्चित्त ज्ञात्यांनी नेमून दिले आहे, हेही त्यांच्या भाषणात येते. म्हणजे शास्त्राच्या दंडासही माप आहे. आपल्या मनात ठाण मांडून बसलेल्या यमदूतास मात्र ते ठाऊक नसते. दूध उतू गेले की सूनबाई स्वतःस करंटी म्हणते. एका विषयात गुण कमी पडलेला मुलगा पंगतीस बसण्यास लाजतो. तापलेल्या लेकरास वैद्याकडे एक दिवस उशिरा नेले म्हणून, ते बरे होऊन अंगणात बागडू लागले तरी, आई वर्षानुवर्षे स्वतःस क्षमा करीत नाही. शिवाय एकत्र कुटुंबात एकाने सहज टाकलेला शब्द दुसऱ्याच्या मनात निवाडा होऊन बसतो, तो वेगळाच.

यावर कोणी म्हणेल की, मनाची टोचणी गेली तर मनुष्य निर्लज्ज होईल. शंका रास्त आहे. पण अजामिळ निर्लज्ज झाला नाही. विष्णुदूत गेल्यावर त्याने स्वतःचा कठोर शब्दांत धिक्कारच केला. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पाश सुटला, मग पश्चात्ताप आला. यमदूत समोर असता तो केवळ थरथरत होता. भयाने कापणाऱ्यास आपले कर्म नीट दिसत नाही. आपण सोडविण्याजोगे ठरलो हे कळल्यावरच त्याला मागे वळून पाहण्याचे धैर्य झाले. असे दर्शन घडले त्या अर्थी आपल्या पदरी पूर्वीचे काही पुण्य असलेच पाहिजे, असेही त्याने मनाशी म्हटले. धिक्कारापाशी तो थांबला नाही, ते या एका विचारामुळे. सर्व भूतांचा सुहृद, शांत व दयाळू होण्याचा निश्चय करून तो गंगाद्वारास, म्हणजे हरिद्वारास, गेला.

आणखी एक गोष्ट. अजामिळ काही बोलू इच्छितो असे पाहताच विष्णुदूत अंतर्धान पावले. त्यांनी त्याचे सांत्वन केले नाही, की पुढचा मार्गही आखून दिला नाही. पाश तोडणे एवढेच त्यांचे काम. उरलेले आयुष्य सुधारणे हे त्याचे. म्हणून आत्मप्रीती म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत. आपल्या लेकराची चूक आपण जशी झाकीत नाही आणि त्या चुकीसाठी त्यास घराबाहेरही घालवीत नाही, तसेच स्वतःशी वागणे, एवढाच तिचा अर्थ.

विष्णुदूत आपल्या दारी केव्हा येतील हे कोणी सांगावे? परंतु त्यांचे काम घरातील कोणासही करता येते. दूध उतू गेले असता, ‘होते असे, भांडे घासून टाक,’ असे सासूबाईंनी म्हटले, म्हणजे एक पाश तुटतो. आजोबांनी नातवास हाक मारून आपल्या शेजारी पाटावर बसविले, म्हणजे दुसरा तुटतो. आणि असे शब्द दुसऱ्यास देण्याची सवय जडली, म्हणजे एखाद्या रात्री, सर्व निजल्यावर, ते स्वतःसही म्हणता येतात.